घरी सोडलं, पण श्वासाचं काय?

यंदाच्या आठ मार्चची गोष्ट. आमच्या कार्यक्रमाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. घोषणा देत, फलक सांभाळत सगळ्याजणी वर चढलो. भाषणं सुरू झाली तेव्हा लक्षात आलं, की आमच्यातली एक ताई आलीच नाही. खाली जाऊन पाहिलं तर ती पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी होती. घाम फुटलेला, बोलायला श्वास नाही. मला पाहून हसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येते हळूहळू. वय झालं गं आता."

ताईचं वय त्रेचाळीस आहे. भाजीची हातगाडी चालवते. पाच वर्षांपूर्वी पहाटे मार्केटमधून पन्नास किलो माल उचलून आणणारी ही बाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती एकोणीस दिवस दवाखान्यात होती. त्यातले बरेच दिवस ऑक्सिजनवर, काही दिवस तोंडावर घट्ट मास्क बसवणाऱ्या मशीनवर. वाचली. घरी आली तेव्हा वस्तीनं तिची आरती ओवाळली होती. आम्हीही गेलो होतो. त्यानंतर तिला श्वासाबद्दल कुणी काही विचारलं नाही. दवाखान्यानं नाही, सरकारनं नाही आणि आम्ही, म्हणजे तिच्याच संघटनेनंही नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आमची चूक

आधी स्वतःपासून सुरुवात करते. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्याजणींनी खूप काम केलं, हे खरंच आहे. रेशनसाठी भांडलो. खाट मिळावी म्हणून रात्र रात्र फोन लावले. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा पोलीस चौकीत जाऊन बसलो. पुढे कोरोनात नवरा गेलेल्या बायांचा प्रश्न उभा राहिला. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानं कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती झाली, गावोगावच्या कार्यकर्त्यांनी याद्या केल्या आणि राज्य सरकारला 'मिशन वात्सल्य' काढावं लागलं. ते काम मोठं होतं. ते झालं ते याद्या केल्या म्हणून झालं, हेही लक्षात ठेवू या.

पण ज्या बाया स्वतः आजारी पडल्या, मरता मरता वाचल्या, त्यांची यादी आपण केली नाही. त्या वाचल्या म्हणजे प्रश्न संपला असंच आपणही धरून चाललो. ताई बैठकांना येईनाशी झाली तेव्हा आमच्यातल्या काहींना वाटलं, तिचा उत्साह कमी झाला. मी तर तिला एकदा म्हणालेही होते, "अगं, घरात बसून मनाला लावून घेतेस. बाहेर पड, चार बायांत मिसळ, म्हणजे बरं वाटेल." तिच्या छातीतल्या दुखण्याला मी मनाचं दुखणं ठरवलं. डॉक्टरांनी बाईला असं म्हटलं की आपण चिडतो. मी तेच केलं होतं.

आठ मार्चनंतरच्या बैठकीत आम्ही पहिल्यांदा सरळ विचारलं: कोरोनात दवाखान्यात कोण कोण दाखल होतं, आणि आता श्वास कसा आहे? एकेक जण बोलू लागली. हंडा घेऊन चढ चढवत नाही. भाकरी थापताना मध्ये थांबावं लागतं. लादी पुसायला वाकलं की छाती भरून येते. देवळात आरती म्हणताना ओळ पुरी होत नाही. एकीनं सांगितलं, "मी हे घरात बोलत नाही. बोलले तर म्हणतात, आता किती वर्षं त्या कोरोनाचं नाव सांगणार?"

फुफ्फुसात काय होतं

या बाया कामचुकार नाहीत की वहमीही नाहीत. शरीरात काय घडतं ते समजून घेतलं तर त्यांचं बोलणं नीट कळतं.

आपल्या फुफ्फुसांत हवेच्या बारीक पिशव्या असतात, तीस कोटींच्या आसपास. त्यांचा पापुद्रा इतका पातळ असतो की हवेतला ऑक्सिजन त्यातून सरळ रक्तात उतरतो. कोरोनाच्या गंभीर आजारात या पापुद्र्यालाच सूज येते, पिशव्यांत पाणी भरतं. म्हणूनच तेव्हा माणसं हवेत राहूनही गुदमरत होती. आजार ओसरला की शरीर दुरुस्तीला लागतं. बहुतेकांची दुरुस्ती चांगली होते. काहींच्या बाबतीत मात्र जखमेवर जसा जाड व्रण येतो तसा व्रण या पापुद्र्यावर राहतो. तिथून ऑक्सिजन पूर्वीसारखा आत जात नाही. फुफ्फुस कडक होतं, पुरतं फुलत नाही.

यातली फसवणूक अशी, की बसल्या जागी हे कळतच नाही. स्वस्थ बसलेल्या शरीराला ऑक्सिजन थोडाच लागतो आणि तेवढा मिळतो. बोटाला लावायचं यंत्र ९७ दाखवतं. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. पण ती बाई हंडा उचलून चालू लागली की मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. साध्या फुंकायच्या चाचणीतही, ज्याला स्पायरोमेट्री म्हणतात, कधी कधी हा दोष दिसत नाही. पापुद्र्यातून ऑक्सिजन किती पार होतो ते मोजणारी वेगळी चाचणी असते. तिचं मशीन मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच सापडतं. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या बाईनं ती चाचणी कुठे करायची?

अभ्यास काय सांगतात

चीनमधल्या वुहान शहरात अगदी पहिल्या महिन्यांत दाखल होऊन घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा तिथल्या डॉक्टरांनी केला. सहा महिन्यांनी १७३३ जणांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या ७६ टक्के लोकांना काही ना काही त्रास उरलेला होता. वर्षानं १२७६ जणांना पुन्हा तपासलं. त्रास असणाऱ्यांचं प्रमाण ४९ टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे बरेच जण सुधारले. पण धाप लागणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नव्हतं. ते २६ वरून ३० टक्क्यांवर गेलं होतं. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की ऑक्सिजन पार होण्यातला दोष आढळण्याचा संभव पुरुषांच्या मानानं स्त्रियांत जवळजवळ तिप्पट निघाला. चिंता वा उदासीनता असण्याचा संभव दुप्पट होता.

इंग्लंड व इतर भागांत मिळून ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं. दाखल होऊन घरी गेलेल्यांपैकी एक वर्षानंतर "मी पूर्ण बरी झाले, बरा झालो" असं म्हणणारे सुमारे २९ टक्केच होते, आणि पूर्ण बरं होण्यात स्त्रिया मागे होत्या.

आपल्या देशातला अभ्यास वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या लाटेतल्या २०७ जणांना आजारानंतर साधारण दोन महिन्यांनी तपासलं होतं. त्यांतल्या ४४ टक्के लोकांच्या फुफ्फुसातून ऑक्सिजन पार होण्यात दोष होता, ३५ टक्के लोकांची फुफ्फुसं पुरती फुलत नव्हती. युरोप आणि चीनमधल्या रुग्णांच्या तुलनेत भारतीयांच्या फुफ्फुसांचं नुकसान जास्त दिसलं.

मग हे कायमचंच राहतं का? याचं उत्तर कोरोनाच्याच जातीच्या जुन्या आजारात थोडंफार मिळतं. २००३ साली चीनमध्ये सार्सची साथ आली होती. बीजिंगच्या एका रुग्णालयात कामावर असताना लागण झालेल्या ७१ जणांना तिथल्या डॉक्टरांनी २०१८ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, पुन्हा पुन्हा तपासलं. फुफ्फुसातले डाग पहिल्या वर्षात बरेच ओसरले. त्यानंतर जे उरले ते पंधरा वर्षांनीही तसेच होते. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. घाबरून जायचं कारण नाही, शरीर बरंच सावरतं. पण ज्यांचं चार-पाच वर्षांनीही सावरलेलं नाही, त्यांना "होईल हळूहळू" म्हणून घरी पाठवणं हा धडधडीत अन्याय आहे.

बाईचा श्वास दिसत का नाही

स्त्रियांत हा त्रास जास्त का, यावर शास्त्रज्ञांची चर्चा चालू आहे. मला इथे दुसरं विचारायचं आहे. त्रास आहे हे उघड असूनही तो दिसत का नाही?

पहिलं कारण आपल्या कामाचं. बरं होण्याची खूण म्हणून साधारण विचारलं जातं, "कामावर रुजू झालात का?" कारखान्यातला पुरुष रुजू होऊ शकला नाही तर ते लगेच कळतं, पगार थांबतो. बाई तर दवाखान्यातून आली त्या दिवसापासून रुजूच असते. चूल तिची, पाणी तिचं, सासूचं औषधपाणी तिचं. पूर्वी एका तासात होणारं काम आता अडीच तासांत होतं, तर ती पहाटे दीड तास लवकर उठते. काम होतंय ना, मग बाई बरी. तिचं नुकसान तिच्या झोपेतून आणि विश्रांतीतून वळतं होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. बाहेर काम करणारीचंही वेगळं नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं चारातली दोन घरं सोडली तर त्याला कुणी आजारपण म्हणत नाही.

दुसरं कारण रक्ताचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी आहे. रक्तपांढरीतही दम लागतो. त्यामुळे बाई धाप लागते म्हणून सरकारी दवाखान्यात गेली की पापणी ओढून बघतात, लोहाच्या गोळ्या देतात आणि विषय संपतो. गोळ्या हव्याच आहेत. पण रक्त कमी आहे म्हणून फुफ्फुस चांगलंच आहे, असं कसं ठरतं? एकाच बाईला दोन्ही असू शकतं, आणि तसं असेल तर तिचे हाल दुप्पट. अंगात ऑक्सिजन आधीच कमी शिरतो, आणि तो वाहून न्यायला रक्तही अपुरं.

तिसरं कारण धुराचं. आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या बायांना जुनाट श्वासविकार होतो आणि त्याचं मोठं कारण लाकूड, गोवऱ्या, काटक्यांचा धूर आहे, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांच्यासारखे डॉक्टर बरीच वर्षं सांगत आले आहेत. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर घरात असलं तरी भरून आणायला पैसे नसले की चूल पेटतेच. म्हणजे कोरोनानं धरली ती फुफ्फुसं मुळात धुरानं काळवंडलेली, आणि व्रण भरायचे त्या दिवसांतही समोर धूरच.

चौथं कारण आपल्या ओळखीचं. तपासणीचे रिपोर्ट चांगले आले की बाईला म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." मनावर ताण असतोच. श्वास अडकण्याची ती रात्र, शेजारच्या खाटेवर गेलेली माणसं, कर्जाचे हप्ते, हे सगळं बाई विसरू शकत नाही. पण मनावर ताण आहे म्हणजे छातीत दोष नाही, हा निष्कर्ष आळशीपणाचा आहे. आणि खर्चाचा प्रश्न आला की घरातला क्रम ठरलेलाच असतो. छातीचा स्कॅन नवऱ्याचा पुन्हा होतो, मुलाचा होतो. बाई स्वतःच म्हणते, "माझं राहू द्या."

सरकारच्या वहीत दोनच रकाने

साथीच्या काळात रोज संध्याकाळी आकडे यायचे. इतके बाधित, इतके बरे, इतके मृत. महाराष्ट्रात ८० लाखांवर लोकांना लागण झाल्याची नोंद आहे, सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यूंची नोंद आहे. बाकी सगळे 'बरे झाले' या रकान्यात. ताईही त्याच रकान्यात आहे. दवाखान्यातून सुटल्याच्या दिवशी तिचं नाव तिथे गेलं आणि त्यानंतर सरकारचा तिच्याशी संबंध संपला.

सगळ्या योजना याच दोन रकान्यांवर उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये मंजूर झाले. ते योग्यच होतं. जे जगले पण पूर्वीसारखे कमवू शकत नाहीत, त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं. आशाताई, नर्स आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्रानं ५० लाखांचा विमा जाहीर केला, पण तो मृत्यू झाला तरच. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप केला तेव्हा आपण त्यांच्याबरोबर उभ्या राहिलो. ज्या आशाताईला घरोघर फिरून लागण झाली आणि आज जिना चढवत नाही, तिला त्या विम्यातून दमडी मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, त्याचा अनेकांना आधार झाला. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. घरी राहून वर्षानुवर्षं लागणारी तपासणी, पंप, ऑक्सिजनचं यंत्र यांचा खर्च बाईच्या घरावरच.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. फुफ्फुसाचा जुनाट आजार त्यांत नाही. चार पावलं चालून थांबावं लागणारी बाई कायद्याच्या लेखी धडधाकट आहे.

कागदावर काही झालंच नाही असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतर उरणाऱ्या आजाराची व्याख्या केली. केंद्राच्या आरोग्य खात्यानं त्याच वर्षी त्यावरच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. काही मोठ्या रुग्णालयांत कोरोनानंतरच्या तपासणीसाठी वेगळ्या ओपीडी निघाल्या. पण सूचना डॉक्टरांच्या टेबलापर्यंत आणि ओपीडी शहरापर्यंतच. वाडीवस्तीवरच्या बाईला कुणी बोलावून घेतलं नाही.

भोपाळची आठवण इथे काढायला हवी. तिथलं कारण वेगळं, तो कारखान्याचा विषारी वायू होता. पण डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर फुफ्फुसं जळालेली हजारो माणसं जिवंत राहिली. पुढे बहुतेकांच्या कागदावर 'तात्पुरती इजा' असा शिक्का बसला आणि २५ हजार रुपयांवर त्यांची बोळवण झाली. तो शिक्का खोटा आहे हे सांगत तिथल्या बायांनीच पुढे होऊन संघटना बांधल्या, दिल्लीपर्यंत पायी गेल्या. त्यांच्याकडून शिकायचं ते हे, की इजा कागदावर लवकर आणि नीट आली नाही तर नंतर आयुष्यभर भांडूनही ती सिद्ध करता येत नाही.

आपल्यातल्या शंका

आमच्या बैठकीत यावर वादही झाला. तो इथे मांडते, कारण तो तुमच्याही गटात होईल.

एक मैत्रीण म्हणाली, "बायकांच्या शरीराचं दवाखानाकरण होतं म्हणून आपणच इतकी वर्षं लढतोय. आता पुन्हा बायांना स्कॅनच्या रांगेत उभं करायचं का?" शंका रास्त आहे. सीझर असो की गर्भाशय काढणं, गरज नसताना बाईच्या शरीरावर धंदा चालतो हे आपण पाहिलं आहे. उद्या 'कोरोना फुफ्फुस पॅकेज' म्हणून कुणी खाजगी दुकान उघडलं तर त्यालाही विरोधच करायला हवा. पण गरज नसलेला उपचार लादणं हा जसा अन्याय, तसाच गरज असलेला नाकारणं हाही अन्यायच. गरीब बाईच्या वाट्याला बहुधा दोन्ही येतात.

दुसरी म्हणाली, "आता हे कोरोनामुळेच आहे हे कसं ठरवायचं? रक्त कमी असेल, टीबी असेल, चुलीचा धूर असेल, हृदयाचं असेल." बरोबर आहे. म्हणूनच तर तपासायचं. कारण शोधण्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेची आहे. कारण ठरत नाही म्हणून उपचारच नाहीत, हे चालणार नाही. निघाला टीबी तर त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, बाई वेळेत वाचेल.

तिसरी शंका सगळ्यात अवघड. "रोजगार नाही, रेशन नाही, मारहाण थांबत नाही. त्यात हा जुना विषय कशाला?" याला उत्तर ताईनंच दिलं. ती म्हणाली, "मला आता पळताच येत नाही. परवा नवऱ्यानं हात उचलला तर मी दारापर्यंतसुद्धा पोचले नाही." त्यानंतर बैठकीत कुणी हा विषय जुना आहे असं म्हटलं नाही.

आपण काय करू शकतो

प्रत्येक गटानं एक वही घालावी. आपल्या वस्तीत, गावात कोरोनामुळे दाखल झालेल्या बाया कोण, किती दिवस, ऑक्सिजन लागला होता का, एवढं लिहावं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. थर्मल प्रिंटच्या पावत्या पुसट होतात, त्या आधी. हे कागद आज कचऱ्यात चालले आहेत.

विचारताना "तब्येत कशी आहे?" असं विचारू नये. सगळ्या बाया "बरी आहे" म्हणतात. कामाबद्दल विचारावं. पाणी भरताना किती वेळा थांबता? आधी किती वेळा थांबत होता? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या बाईबरोबर चालताना मागे पडता का? बोलता बोलता चालता येतं का? कोणतं काम सोडून दिलं?

बोटाचं यंत्र आशाताईकडे असतं, बऱ्याच घरांतही पडून आहे. आधी बसल्या जागी आकडा बघा. तो ९४ च्या खाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर पुढे काही करू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. एरवी खुर्चीवरून एक मिनिट उठबस करायला सांगा, प्रत्येकीच्या चालीनं, आणि पुन्हा आकडा बघा. तीन-चार अंकांनी किंवा जास्त खाली आला तर तो कागदावर लिहून द्या आणि बाईबरोबर दवाखान्यात जा. नखावर मेंदी, नेलपॉलिश नको, बोट गार नको. आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं हेही ध्यानात ठेवा. यंत्र चांगलं म्हणतंय म्हणून बाईचं म्हणणं खोटं ठरवू नका. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त असेल तर थुंकीची तपासणी लगेच.

उपचारांत सगळंच महाग नसतं. दमलेल्या फुफ्फुसाला आणि सैल पडलेल्या स्नायूंना व्यायामानं खरोखर फायदा होतो. रोज थोडं थोडं वाढवत चालणं, खुर्चीवरून उठबस, नाकानं श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडणं. हे फिजिओथेरपिस्टनं एकदा दाखवलं की गटात मिळून करता येतं. मात्र हेही नीट समजून घ्या, की घरकाम म्हणजे हा व्यायाम नव्हे. व्यायामात दम लागला की थांबता येतं. हंडा डोक्यावर असताना थांबता येत नाही. तेव्हा घरातल्यांनी पाणी भरावं, जड उचलावं, हाही उपचाराचाच भाग आहे, आणि तो डॉक्टरनं कागदावर लिहून द्यावा असा आग्रह आपण धरला पाहिजे. डॉक्टरनं लिहिलेलं घरात ऐकलं जातं, बाईनं सांगितलेलं नाही.

सरकारकडे मागायचं ते थोडक्यात असं. गंभीर कोरोनातून उठलेल्यांची वर्षातून एकदा तपासणी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्री आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी, आणि दोष दिसला तर जिल्ह्याला पाठवून पुढची तपासणी मोफत. त्यांना फ्लू आणि न्यूमोनियाची लस मोफत. कामावर लागण झालेल्या आशा, नर्स, सफाई कामगार बायांना मृत्यूसाठी नव्हे तर इजेसाठी भरपाई. फुफ्फुसाच्या जुनाट आजाराला दिव्यांग कायद्यात जागा. आणि गॅसचं सिलिंडर निदान या घरांना तरी परवडेल अशा दरात. साथ पुन्हा येईल. तेव्हा नोंद कशी ठेवायची हे तरी आतापासून ठरेल.

मैत्रिणींनो, हे लिहीत असताना ताईच्या तपासण्या चालू आहेत. आम्ही दोघी तिच्याबरोबर जातो. रक्त कमी निघालं, गोळ्या चालू झाल्या. पुढच्या चाचणीसाठी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची तारीख मिळाली आहे. काय निघेल माहीत नाही. एक बदल मात्र आमच्या हातात होता तो आम्ही केला. संघटनेची बैठक आता तळमजल्यावर, अंगणवाडीच्या खोलीत होते. ताई येते. गेल्या बैठकीत वहीत पहिलं नाव तिनं स्वतः लिहिलं आणि पुढच्या रकान्यात, 'बरी' की 'आजारी' असं विचारलं होतं तिथे, तिनं लिहिलं: 'दम लागतो. काम करते.'

तुमच्या वस्तीतल्या वह्यांत काय निघतं, ते पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.